प्रियेतेनाची दुरडी

चौथ्या दिवशी सकाळी मचाणावर नऊ दुरड्या होत्या. नऊंमध्ये एकाच वारुळाची माती, एकाच ढिगातलं शेणखत, आणि दिवसातून तीनदा एकाच विहिरीचं पाणी. आठ दुरड्यांमध्ये गव्हाचे पिवळट कोंब वर आले होते. राखीनं ओढणीच्या टोकाला बांधलेली शाळेतली जुनी पट्टी काढली आणि प्रत्येक दुरडीत दोन-तीन ठिकाणी लावून पाहिली. कुठं दीड सेंटिमीटर, कुठं दोन. नवव्या दुरडीत कोंब शून्य होते.

शून्य मोजायला वेळ लागत नाही. तरी राखीनं वाकून, डोळा मातीला टेकेल इतकं जवळ जाऊन, पुन्हा मोजलं. शून्यच.

नवव्या दुरडीच्या कडेला खळीनं चिकटवलेली कागदाची चिठ्ठी होती. तिच्यावर राखीच्याच अक्षरात लिहिलं होतं: प्रियेतेना.

"उगवली का गं माझी?" मागून भैरवीनं विचारलं. ती ओल्या केसांनी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

राखी बाजूला सरकली आणि तिनं भैरवीला पाहू दिलं.

आर्णीहून महागावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर बंजाऱ्यांचा हा तांडा आहे. श्रावण आला की तांड्यावरच्या बिनलग्नाच्या पोरी नायकाच्या दारात उभ्या राहतात आणि तीज बसवायची परवानगी मागतात. नायक हो म्हणाला की प्रत्येकीची एक बांबूची दुरडी, आणि प्रत्येकीच्या स्वतःच्या घरचा मूठभर गहू. दुरड्या नायकाच्या अंगणात मचाणावर ठेवायच्या, वर कापडाचं छत धरायचं, गाणी म्हणत पाणी घालायचं. आठव्या दिवशी चुरम्याचा नैवेद्य, त्याला ढंबोळी म्हणतात. नवव्या दिवशी दुरड्या डोक्यावर घेऊन नदी. कोंब तोडून तांडाभर वाटायचे. बाप्ये ते पागोट्यात खोवतात.

राखीनं ही तीज सातव्या वर्षापासून केली होती. यंदाची बहुधा शेवटची. तीज झाली की ती वनस्पतिशास्त्रात एमेस्सी करायला पुण्याला जाणार होती, आणि एमेस्सीनंतर तिच्या लग्नाला घरचे थांबतील याची शक्यता तिनं फार धरली नव्हती. म्हणून यंदा तिला भैरवी हवी होती.

भैरवी यवतमाळची. तिचे बाबा श्रीकृष्णकाका कोषागारातून निवृत्त झालेले, आई शुभदाकाकू. बीएस्सीची तीन वर्षं राखी त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहिली. भाडेकरू म्हणून गेली आणि दुसऱ्या महिन्यापासून जेवायला खालीच बसू लागली. भैरवी रसायनशास्त्राची, राखी वनस्पतींची. पहिल्या वर्षी राखी झाडांची लॅटिन नावं पाठ करत बसायची. नावांचे अर्थ शोधता शोधता तिला लॅटिनच्या लेकींचा नाद लागला: इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच आणि कितीतरी. एका संध्याकाळी दोघींनी 'मैत्रीण' हा एकच शब्द धरला आणि तो घेऊन युरोपभर फिरल्या. तेव्हापासून सकाळची हाक 'काय अमीगा', लाडात आल्यावर 'आमी', आणि भांडण झालं की 'ऐका, प्रियेतेना.'

तर परवानगीच्या संध्याकाळी भावसिंग नायक बाजेवर बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, पागोटं लाल, आणि वाद घालायची हौस दांडगी. तांड्यावर त्यांच्याशी वाद घालायला कोणी उरलं नव्हतं, हे त्यांचं मोठं दुःख. पोरी एकेक पुढं होत होत्या आणि ते रिवाजाप्रमाणे विचारत होते, "कोणाची कोण?"

"माही मैत्रीण हाये, दादा," राखी म्हणाली.

"ते मले दिसते. मी नातं विचारून राह्यलो. सोनू माह्या भावाची नात. वैष्णवी लखीरामची पोरगी. ही कोण?"

"मैत्रीण."

"मैत्रीण म्हंजे नातं नोहे व बेटी. मैत्रीण म्हंजे शाळंतला बाक. शाळा सुटली, बाक सुटला."

"मंग बाकाले बी एक दुरडी द्या!" राखीचा चुलतभाऊ ओम मागून ओरडला आणि अंगणभर हशा पिकला. भैरवीही हसली, पण तिचे कान लाल झालेले राखीनं पाहिले.

"हसू नका बे," नायक म्हणाले. त्यांना रंग चढला होता. "आपले बापजादे बैलावर मीठ न् धान्य लादून मुलूखभर फिरले. राजस्थानातून निघाले, इथं आले, कोणी तेलंगणात गेले, कोणी कर्नाटकात. आजबी तिकडच्या तांड्यावर जाय. मायले याडीच म्हणतेत. एवढ्या रस्त्यात काय काय सांडलं, पण याडी न्हाई सांडली. रस्त्यात जे सांडत न्हाई ते नातं. मैत्रीण टिकते का रस्त्यात? दाखव मले, मंग देतो दुरडी."

"उद्या दाखवतो," राखी म्हणाली. वऱ्हाडात पोरी असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी ती नऊ चिठ्ठ्या घेऊन आली. अख्खं अंगण भरलं होतं. तमाशा फुकट असला की आमच्याकडे जागा पुरत नाही. राखी मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, रोमचे लोक आपल्यासारखेच. सैन्य न् व्यापारी घेऊन मुलूखभर फिरले. दोन हजार वर्षांमागं त्यांच्या लॅटिन भाषेत मैत्रिणीले म्हणत अमीका. मंग रोमचं राज्य मोडलं, जो जिथं होता तिथंच राह्यला, एकमेकाची बोली समजेना. आता पाहा." आणि ती एकेक चिठ्ठी वाचू लागली. "इटलीत अजूनबी अमीका. स्पेनात अमीगा. पोर्तुगालात अमीगा. बार्सिलोनाकडं कॅटलान बोलतेत, तिथं अमीगा. सार्डिनिया नावाचं बेट हाये समुद्रात, तिथं अमीगा. फ्रान्सच्या दक्षिणेले ऑक्सिटन बोली हाये, लिहितात अमीगा, म्हणतात अमीगो. स्वित्झर्लंडच्या डोंगरात रोमांश बोली, तिथं अमिया. न् फ्रान्सात आमी."

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या शब्द जिभेवर घोळवून पाहत होत्या. नायकांची बायको हंसाबाई म्हणाली, "आमी म्हंजे तर निस्ता आवाजच राह्यला व."

"हो दादी. तिथवर जाता जाता मधला 'क' सांडला."

"रस्ता खराब असंन," हंसाबाई म्हणाली.

नायक बोटांवर मोजत होते. "आठ झाले. आठही एकाच मायच्या लेकी दिसतेत. नववी?"

राखीनं नववी चिठ्ठी वर काढली. नवव्या चिठ्ठीऐवजी आणखी एक अमीगा तिला सहज सापडली असती, स्पेनच्या कोपऱ्यातल्या गॅलिशियन बोलीत होती. पण सोयीचं तेवढंच दाखवायचं, ही गोष्ट तिला कॉलेजनं शिकवली नव्हती.

"नववी रोमानियाची. लॅटिनचीच लेक, पण लय दूर दिल्यासारखी. तिच्याकडं अमीका हाये, नाही असं नाही. पण रोजच्या बोलण्यात ते लोक मैत्रिणीले प्रियेतेना म्हणतेत. तो शब्द लॅटिन न्हाई. शेजारी स्लाव्ह लोक राहत, त्यांच्याकडून आला."

"म्हंजे बाहेरचा."

"बाहेरचा. पण आता त्यांचाच."

नायकांनी ती चिठ्ठी मागून घेतली, उलटीपालटी करून पाहिली. मिशीखाली हसू होतं. "आठ टिकले, ते मी मान्य करतो. देली दुरडी. पण हे नववी चिठ्ठी या यवतमाळवालीच्या दुरडीले लाव. बाहेरचा शब्द, बाहेरची पोरगी. ढंबोळीच्या दिवशी नैवेद्य ठेवीपर्यंत उगवली, तर नातं. खाली दुरडी राह्यली तर मचाणावरून उतरवाची, न् पुढं कधी कोणी बाहेरची पोरगी तीजीले आणाची न्हाई. कबूल?"

राखीनं भैरवीकडं पाहिलं. गहू उगवायला काय लागतं, हे दोघींना पाठ होतं. "कबूल," दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि आज चौथा दिवस, आणि शून्य.

बातमी चहाआधी तांडाभर झाली. ओम दोस्तांना घेऊन मचाणासमोर आला, कंबरेवर हात ठेवून त्यानं दुरडीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "प्रि-येतेना! काय व येतेना, येऊन राह्यली का न्हाई? येते ना?"

"चल नीघ इथून," राखी म्हणाली.

"मी कायले निघू? न्हाई आली ते निघंन!"

पोट्टे हसत गेले. भैरवी मचाणाच्या खांबाला टेकून खाली बसली. "राखी, मी घरी जाते. संध्याकाळची एसटी आहे आर्णीहून. दुरडी उतरवताना मी इथं नसले म्हणजे तुला बोलणी कमी बसतील."

"बस तू."

सोनू आजूबाजूला पाहत जवळ आली. पोरगी सतराची, पण अक्कल चाळिशीची. कुजबुजून म्हणाली, "ताई, माह्या दुरडीत दाट झालंय. चार कोंब उपटून हिच्यात रोवून देते. कोणाले कळते?"

"मले कळते," राखी म्हणाली.

"मग माझा गहू काढून तुझ्या घरचा टाकू?" भैरवीनं विचारलं. राखी विचारून आली. नायकांनी बाजेवरूनच मान हलवली: पेरलं ते पेरलं, तीज उकरत नाहीत. उगवायचं तर जे आत आहे तेच.

राखी पुन्हा मचाणाशी येऊन उभी राहिली. माती तीच, पाणी तेच, सावली तीच. जागेचा फरक म्हणावा तर दुरड्या रोज फिरवल्या जातात. नऊंमध्ये वेगळी असलेली गोष्ट एकच होती. प्रत्येकीनं आपल्या घरचा गहू आणला होता.

"तुह्या पिशवीत उरला का गहू?"

उरला होता, दोनेक मुठी. राखीनं चार दाणे तळहातावर घेतले आणि अंगठ्यानं चोळले. दाणे टपोरे, चकचकीत, जरा जास्तच चकचकीत. अंगठा घसरला. तिनं वास घेतला, मग भैरवीच्या नाकाशी हात नेला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि भैरवीनं फोन लावला.

"आई, आपल्या गव्हाला काय लावतेस?"

फोनमधून शुभदाकाकूंचा आवाज अंगणात ऐकू येईल इतका खणखणीत होता. "एरंडेल! दुसरं काय लावणार? आधी दोन उन्हं दिली, मग चोळून चोळून लावलं मी स्वतः. एक कीड सापडली तर सांग! वर्षभर दाणा जसाच्या तसा राहतो. का गं, त्यांना हवंय का? डब्यात भरून पाठवू?"

"नको आई."

"आणि तुझी तीज कशी आहे? उगवली ना? मी शेजारी सांगून ठेवलंय."

"उगवतेय," भैरवी म्हणाली आणि फोन ठेवून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की काय म्हणून राखी वाकली, तर ती हसत होती. "जसाच्या तसा! आईनं गव्हाला रेनकोट घातलाय गं!"

तांड्यावर पेरायचा गहू राखेत ठेवतात. यवतमाळच्या घरी पेरायचा गहू नसतोच. तिथं गहू दळायचा असतो. एरंडेलाच्या हातानं तो किडीपासून वाचला होता आणि त्याच हातानं पाण्यापासूनही. दाणे मेले नव्हते, त्यांना फक्त अजून कोणी भिजवलं नव्हतं. निदान राखीचा अंदाज तसा होता.

"तेल काढायचं," भैरवी म्हणाली. आता ती रसायनशास्त्राची झाली होती. "साबण नको, मुळं जळतील. रिठा. रिठ्याचा फेस तेल सोडवतो आणि रोपाला फारसं काही करत नाही. आत्ता घालू पाण्यातून."

"आत्ता न्हाई."

"राखी, चार दिवस राहिलेत!"

"दुरडी एकच हाये. तिच्यात चुकलो तर मंग काहीच न्हाई. अगोदर वाट्यांत करू."

भैरवी चिडली. "तू तुझ्या वाट्या मांड, तोवर नैवेद्य होईल. ऐका, प्रियेतेना, मला उशीर परवडत नाही." पण बोलता बोलता ती उठली आणि वाट्या शोधायला गेली.

रिठे हंसाबाईकडं मिळाले. आरशांचं, कवड्यांचं भरतकाम असलेल्या फेटिया, म्हणजे बंजारणींचे घागरे, रिठ्याशिवाय कशातच धुवायचे नाहीत असा तिचा दंडक. राखीनं टरफलं उकळली, गाळली, पाणी निवू दिलं. तीन वाट्यांत दुरडीतलीच माती, प्रत्येकीत भैरवीच्या गव्हाचे वीस दाणे. एका वाटीला साधं पाणी, दुसरीला कोमट, तिसरीला रिठ्याचं पातळ पाणी. तिन्ही वाट्या मचाणाखाली, छताच्या सावलीत. मग वाट पाहणं. वाट पाहण्याचं वाईट असं की त्यात करायला काही नसतं. भैरवी हंसाबाईजवळ बसून फेटियाला टाके घालायला शिकली आणि दोनदा बोट टोचून घेतलं. संध्याकाळी पोरींनी गाणी म्हटली, तीही त्यांच्यात म्हणाली. शब्द कळत नव्हते. चाल पकडून मागून जात होती. आर्णीची एसटी गेली.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला राखीनं वाट्या बाहेर काढल्या. साध्या पाण्याच्या वाटीत दोन कोंब. कोमट पाण्याच्या वाटीत चार. रिठ्याच्या वाटीत चौदा.

तिनं भैरवीला एकदा मोजायला लावलं, मग सोनूला, आणि तिघींचा आकडा एक आल्यावर वाट्या घेऊन ती सरळ नायकांच्या बाजेशी गेली. चोरून काही करायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

"दादा, दाणे बदलत न्हाई. माती उकरत न्हाई. निस्तं पाण्यात रिठा घालाचं म्हणतो."

"रिठा? तीज हाये का फेटिया?"

"तिच्या मायनं गव्हाले तेल लावलं, दादा. तेल निघाल्याबिगर पाणी आत जात न्हाई."

"मायनं लावलं?" नायकांनी वाटीतले चौदा कोंब पाहिले. "याडीनं लेकराले तेल लावलं न् तुम्ही म्हणता काढा."

"लेकराले तेल लावलं की न्हाऊबी घालतेत," हंसाबाई आतून म्हणाली. "घालू द्या व त्याईले. माह्या रिठ्याच्या न्हाण्याचं पाणी इतकी वर्षं तुळशीले जाते, मेली का तुळस?"

वाद घालायला बाजेपुढं एक आणि आत एक, असे दोन्हीकडून मिळाल्यावर नायक खूश झाले होते. पण ते चेहऱ्यावर दाखवायचं नव्हतं. "घाला," ते म्हणाले. "दिवस वाढवून भेटणार न्हाई. ढंबोळी म्हंजे ढंबोळी."

त्या रात्रीपासून नवव्या दुरडीला रिठ्याचं पाणी सुरू झालं. पहिल्या पाण्याला मातीवर बारीक फेस आला. पोरींनी तो पाहिला आणि कोणीतरी म्हणालं, "न्हाणं झालं, आता पावडर लावा!" सहावा दिवस तसाच गेला. बाकी आठ दुरड्यांतले कोंब आता बोटभर झाले होते, आणि त्यांच्या मधोमध ती काळी माती जास्तच काळी दिसत होती. सातव्या दिवशी सकाळी राखीनं मोजलं: शून्य. तिनं मनात हिशोब केला. वाट्यांना छत्तीस तास लागले होते. दुरडीत माती खोल, म्हणजे जास्त लागतील. किती जास्त, हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल छातीठोक बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून भैरवीनं "उगवेल ना गं?" असं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वीसपैकी चौदा."

"हे उत्तर झालं का?"

"माह्याजवळ हेच हाये."

भैरवीनं तांब्या उचलला. "चालेल," ती म्हणाली. "प्रियेतेना शब्दाचं मूळ मी काल फोनवर शोधलं. स्लाव्ह भाषेतला शब्द आणि आपला 'प्रिय', दोन्ही एकाच मुळातून आलेत. जुनी ओळख निघाली. तू पडताळून बघ."

राखीनं पडताळलं. खरं होतं.

सातव्या दिवशी संध्याकाळचं पाणी भैरवीच्या हातचं होतं. पोरी गाणं म्हणत दुरड्यांच्या रांगेकडेनं चालल्या होत्या. राखीच्या बाकी आठ चिठ्ठ्याही पोरींनी हौसेनं आपापल्या दुरड्यांना लावल्या होत्या: अमीका, अमीगा, अमिया, आमी. नवव्या दुरडीशी गाणं अडलं, कारण भैरवी म्हणायची थांबली होती.

"राखी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की राखीला वाटलं, ती पडली की काय.

मातीला मधोमध तडा गेला होता. तड्यातून एक पांढरं टोक, सुईच्या अग्राएवढं. त्याच्या बाजूला दुसरं. कडेला, चिठ्ठीखाली, तिसरं, चौथं, आणि माती जिथं जिथं फुगली होती तिथं प्रत्येक फुगवट्याखाली कोणीतरी वर ढकलत असल्यासारखं. राखीनं गुडघे टेकले आणि मोजायला लागली. एकोणतीसपर्यंत मोजलं आणि पुढं तिला दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिची पट्टी सोनूनं ओढून घेतली होती.

"आली!" सोनू मचाणावर चढून ओरडली. "येतेना आली!"

मग अंगणात जे झालं त्याचा नीट क्रम कोणालाच सांगता येणार नाही. ओम कुठून तरी पितळी थाळी घेऊन आला आणि बडवायला लागला. "येते ना? येते ना!" तो ओरडत होता. चार दिवस चिडवायला वापरलेलं तेच वाक्य आता घोषणा झालं होतं, आणि पोट्टे त्याच्यामागं ओरडत होते. पोरींनी भैरवीला मधे घेऊन फेर धरला. तिच्या पायांना चाल येत नव्हती आणि कोणाला पर्वा नव्हती. हंसाबाईनं पेटीतून स्वतःच्या लग्नातली ओढणी काढून तिच्या डोक्यावर टाकली, ती आरशांच्या वजनानं नाकापर्यंत आली. भैरवीनं तशाच आंधळ्या अवस्थेत आईला फोन लावला. "आई, उगवली!"

"मग? माझा गहू आहे तो!" शुभदाकाकू म्हणाल्या.

आठव्या दिवशी चुरम्याचे नऊ वाटे झाले आणि नऊ दुरड्यांपुढं ठेवले गेले. नायक स्वतः उभे होते. नवव्या दुरडीशी ते वाकले, कोंबांवरून तळहात फिरवला, आणि पुढं गेले.

नवव्या दिवशी दुपारी नऊ पोरी डोक्यावर नऊ दुरड्या घेऊन अरुणावतीकडं निघाल्या. पुढं ढोल, मागं अख्खा तांडा. फाट्यावर आर्णीची एसटी थांबली होती. तिच्यातून शुभदाकाकू उतरल्या, साडीचा पदर खोचून, हातात डबा घेऊन. डब्यात एरंडेल लावलेला गहू होता. हंसाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "हे खाऊ. पेराचा न्हाई." दोघी मग नदीपर्यंत एकमेकींना गहू कसा राखावा हे सांगत गेल्या, आणि कोणीच कोणाचं ऐकलं नाही.

नदीकाठी दुरड्या उतरल्या. कोंब तोडायची वेळ आली. पहिला कोंब नायकाच्या पागोट्यात जातो, हा रिवाज. कोणाच्या दुरडीतला, ते नायक ठरवतो. बहुतेक वर्षी सगळ्यात उंच दुरडी असते ती. यंदा ती सोनूची होती, आणि सोनू आधीच पुढं येऊन उभी होती.

नायक सोनूपुढून गेले. रांगेच्या टोकाशी जाऊन थांबले आणि भैरवीपुढं हात केला.

"कोणाची कोण?" त्यांनी विचारलं.

राखीनं तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर भैरवीनं द्यायचं होतं.

"राखीची प्रियेतेना," भैरवी म्हणाली.

"बरोबर," नायक म्हणाले आणि डोकं पुढं झुकवलं. भैरवीनं दुरडीतला एक कोंब मुळाशी तोडला. राखीनं तिला थांबवलं, पट्टी लावली, आणि मगच तो खोवू दिला. ढोल वाजला. नायकांनी मान ताठ केली. लाल पागोट्यात तो पिवळा कोंब उभा राहिला. राखीनं टाचा उंचावून तिथंही पट्टी धरली.

कोंबाची लांबी सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. त्यातले चार सेंटिमीटर पागोट्याच्या वर.